तेराव्या फेरीचं काय करायचं?

ठाणे पूर्वेला कोपरीत एका जुन्या हॉलमध्ये आमचा बॉक्सिंगचा क्लास भरतो. संध्याकाळी साडेसहाला शटर वर जातं, पंधरा-वीस पोरंपोरी जमिनीवर बसकण मारतात आणि हाताला पट्ट्या गुंडाळायला लागतात. अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून, मग मुठीवर. नीट गुंडाळायची तर पाच-सात मिनिटं जातात, आणि आमच्याकडचे सगळे वाद त्या पाच-सात मिनिटांतच होतात.

परवा चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी पट्टीचं टोक दातांत धरून म्हणाली, "ताई, काहीही म्हणा, निखत मेरी कोमपेक्षा भारी आहे. पन्नास किलोत मेरी कोम तिच्यासमोर टिकलीच नसती." ती एफवायला आहे, मनात आलेलं बोलून मोकळी होते. लगेच वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारा एक मुलगा म्हणाला, "तसं तर क्रॉफर्डनं रॉबिन्सनलाही आडवा केला असता. जुने व्हिडिओ बघ, हात किती खाली असायचे त्याचे." निखत म्हणजे आपली विश्वविजेती निखत झरीन, क्रॉफर्ड म्हणजे या काळातला अमेरिकी जगज्जेता टेरेन्स क्रॉफर्ड, आणि रॉबिन्सन म्हणजे १९४०-५० च्या दशकांतला शुगर रे रॉबिन्सन. आमचे सर पासष्टीचे आहेत. ते बॅगेची साखळी ओढून तपासत होते. तिथूनच म्हणाले, "हात दिसतात तुला. पाय बघ त्याचे." आणि शिट्टी वाजली.

हा वाद मी वीस-बावीस वर्षं ऐकत आले आहे आणि तो मला कधीच रिकामटेकडा वाटला नाही. मोठं कोणाला म्हणायचं, हे मुलं याच गप्पांमधून ठरवतात. मग कोणासारखं खेळायचं, किती वजन उतरवायचं, कोणत्या लढतीला हो म्हणायचं आणि कोणती टाळायची, हेही त्यातूनच ठरतं. म्हणून हा वाद नीट घालायला हवा.

माझं म्हणणं सरळ आहे. तुलना केलीच पाहिजे. 'प्रत्येकाचा काळ वेगळा' असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. त्यानं जुन्यांचा मान राखल्यासारखं वाटतं, पण खरं तर आपण त्यांना भिंतीवरच्या फोटोत नेऊन बसवतो आणि त्यांच्याकडून काही शिकायचं थांबवतो. मात्र 'कोण कोणाला हरवेल' हा तुलनेचा प्रश्न चुकीचा आहे. एकाच वजनी गटातली दोन नावं घेऊन आपण त्यांना मनातल्या रिंगमध्ये उभं करतो, तेव्हा तो गट म्हणजे वाण्याकडचं किलोचं माप असल्यासारखं धरून चालतो. रॉबिन्सन जगज्जेता झाला त्या १९४६ मध्ये जेवढं, तेवढंच आज. तसं ते नाही. गटाचं नाव तेच राहिलं, आकडाही तोच राहिला, पण त्या आकड्याच्या आत माणसाकडून जे मागितलं जात होतं ते पार बदलून गेलं.

सुरुवात फेऱ्यांपासून करते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपदाची लढत पूर्वी पंधरा फेऱ्यांची असायची, आता बारांची असते. तीन फेऱ्या म्हणजे नऊ मिनिटं. ऐकायला फार नाही.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. रॉकी मार्सियानो हेवीवेटच्या गादीसाठी जर्सी ज्यो वॉलकॉटशी लढत होता. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला. उठला, मार खात पुढे पुढे जात राहिला. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर तो मागे होता. तेराव्या फेरीत दोरांपाशी त्याचा उजवा हात जेमतेम फूटभर अंतरावरून वॉलकॉटच्या जबड्यावर बसला. वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला आणि तो तसाच घसरत खाली गेला. आजचा नियम त्या रात्री असता, तर बाराव्या फेरीच्या घंटेला वॉलकॉट जिंकून घरी गेला असता. ४९ लढती, ४९ विजय, एकही हार नाही, हा जो मार्सियानोचा आकडा आज शाळकरी पोरांनाही पाठ असतो, तो कधी जन्मालाच आला नसता.

हा एकच प्रसंग असता तर मी अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण जून १९४१ मध्ये न्यूयॉर्कला ज्यो लुईसचंही असंच झालं. समोर बिली कॉन, लाइट हेवीवेटमधून वर आलेला, वजनानं बराच कमी आणि पायानं फार चपळ. बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिका कॉनच्या बाजूनं होत्या आणि तिसरी बरोबरीत. तेराव्या फेरीत कॉनला वाटलं, आता याला बादच करून टाकू. तो लुईसच्या टप्प्यात शिरला आणि ती फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतःच आडवा होऊन बाद मोजला गेला. लुईस १९३७ ते १९४९ जगज्जेता राहिला, २५ वेळा त्यानं गादी राखली. बारा फेऱ्यांच्या हिशेबानं ती गादी १९४१ मध्येच गेली होती. चाळीस वर्षांनी, सप्टेंबर १९८१ मध्ये लास वेगासला शुगर रे लेनर्ड टॉमी हर्न्सविरुद्ध तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता, आणि चौदाव्या फेरीत पंचांनी हर्न्सला वाचवायला लढत थांबवली. तिघांचीही कीर्ती ज्या नऊ मिनिटांवर उभी आहे, ती नऊ मिनिटं आज खेळली जात नाहीत.

ती का गेली, तेही सांगायला हवं. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम दुक-कू यांची लाइटवेटची लढत झाली. चौदाव्या फेरीत किम कोसळला आणि काही दिवसांत हॉस्पिटलमध्ये वारला. त्यानंतर आधी एका संघटनेनं आणि मग वर्षं घेत घेत बाकीच्यांनी पंधराच्या बारा फेऱ्या केल्या. त्या कमी झाल्या ते योग्यच झालं. पंधरा फेऱ्या परत आणा म्हणणाऱ्या जुन्या शौकिनांशी माझं अजिबात जमत नाही. पण नियम बदलला हे चांगलं झालं म्हणून तो बदललाच नाही असं धरून आकडे शेजारी शेजारी मांडता येत नाहीत.

थकव्याबद्दल एक सांगते, कारण ज्यांनी कधी ग्लोव्ह घातले नाहीत त्यांना हे व्हिडिओवरून कळत नाही. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिल्या राउंडला वाघ असतो. दुसऱ्या राउंडच्या शेवटी त्याची कोपरं बरगड्यांना चिकटतात. तिसऱ्यात हात वर उचलायला त्याला आधी खांदा उचलावा लागतो, आणि समोरच्याला ठोसा अर्धा सेकंद आधीच दिसतो. हे तीन राउंडांचं. बाराव्यासाठी तयार केलेलं शरीर आणि पंधराव्यासाठी तयार केलेलं शरीर यांत नुसत्या दमाचा फरक नसतो. पंधरा खेळणारा माणूस पहिल्या फेरीपासून वेगळं खेळतो. हात खाली ठेवून खांदे वाचवतो, पायानं अंतर राखतो, समोरच्याला मिठीत धरून श्वास घेतो. 'पाय बघ त्याचे' असं सर म्हणतात ते यासाठी.

आता वजनाचं. रॉबिन्सनच्या काळात लढतीच्याच दिवशी काट्यावर उभं राहावं लागे आणि रात्री रिंगमध्ये उतरावं लागे. १४७ पाउंड, म्हणजे साडेसहासष्ट किलोंच्या जरा वर, ही वेल्टरवेटची मर्यादा. रिंगमधला रॉबिन्सन त्याच्या फार वर जाऊ शकत नव्हता, कारण मध्ये वेळच नव्हता. पुढे वजन आदल्या दिवशी व्हायला लागलं. हेतू चांगला होता, सुकलेल्या माणसाला पाणी प्यायला वेळ मिळावा. झालं उलटंच. वेळ मिळतोय म्हटल्यावर लोक आणखी सुकायला लागले. फेब्रुवारी २००० मध्ये आर्तुरो गॅटी काट्यावर १४१ पाउंड भरला आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये शिरताना तो १६० च्या आसपास असल्याचं समोर आलं. सव्वा दिवसात साडेआठ किलो. समोरचा जोई गामाश दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. १६० पाउंड ही मिडलवेटची मर्यादा आहे. मग ती लढत कोणत्या गटाची म्हणायची? एक संघटना जगज्जेतेपदाच्या लढतींना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं करते आणि मर्यादेच्या वर दहाच पाउंड चालवून घेते. बाकीच्यांनीही तसंच करावं असं मला फार वाटतं.

म्हणून आजचा वेल्टरवेट जुन्या वेल्टरवेटसमोर ठेवताना मी आधी विचारते, काट्यावरचा का रिंगमधला? रिंगमधला असेल, तर तो पुष्कळदा जुन्या मिडलवेटच्या अंगाचा असतो. अशा माणसानं रॉबिन्सनला ताकदीनं मागे रेटलं असतं, हे मी कबूल करते. पण खुद्द रॉबिन्सननंही अशांशी हात केलेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो ज्या जेक लामोटाकडून आयुष्यात पहिल्यांदा हरला, तो त्याच्यापेक्षा पंधरा-सोळा पाउंडांनी जड होता. तीन आठवड्यांत त्यानं त्याच लामोटाला परत गाठलं आणि हरवलं. आणि त्या तीन आठवड्यांच्या मध्येही तो आणखी एक लढत जिंकून आला होता.

हौशी बॉक्सिंगमध्ये मात्र, म्हणजे आमची मुलं जे खेळतात त्यात, अजूनही लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं. पुढच्या फेरीत गेलात तर त्या दिवशी पुन्हा. रॉबिन्सनला जो नियम होता तोच आज कोपरीच्या मुलीला आहे, लास वेगासच्या जगज्जेत्याला नाही. आणि तरी ती मोबाइलवर बघते त्या जगज्जेत्यांना आणि वजन उतरवते त्यांच्यासारखं. रात्रभरात भरून काढायला तिच्याकडे रात्रच नसते.

मी हे भोगलंय. २००४ मध्ये कॉलेजच्या स्पर्धेसाठी मी ४८ किलोत नाव दिलं होतं आणि होते साडेपन्नास. दोन दिवस भात-पोळी बंद. स्वेटरवर प्लास्टिकचा रेनकोट चढवून भर उन्हात तलावपाळीला फेऱ्या मारल्या. आदल्या रात्री लिंबाची साल चघळून बाटलीत थुंकत बसले, कारण थुंकीचंही वजन असतं. सकाळी काट्यावर सत्तेचाळीस-नऊशे भरले आणि मला वाटलं, जिंकले. दुपारी दुसऱ्या राउंडला समोरची मुलगी दोन-दोन दिसायला लागली. ठोसा कुठून आला आठवत नाही. पंचांनी थांबवलं, मला खुर्चीत बसवून कोणीतरी मिठाचं पाणी पाजलं. तेव्हा सगळेच असं करायचे, आणि कोणाशी लढायचं याचा विचार कोणी काट्याच्या पुढे करत नसे.

गटांची संख्या हा आणखी एक मोठा फरक. रॉबिन्सन, लुईस यांच्या काळात मुख्य गट आठ होते आणि साधारणपणे एका गटाला एकच जगज्जेता. आज गट सतरा, काहींच्या हिशेबानं अठरा, आणि मोठ्या संघटना चार, प्रत्येकीचा जगज्जेतेपदाचा पट्टा वेगळा. सतरा चोक अडुसष्ट. आठ गाद्यांच्या जागी अडुसष्ट. हेन्री आर्मस्ट्राँगनं १९३७-३८ मध्ये दहा महिन्यांत फेदर, वेल्टर आणि लाइट या तीन गाद्या जिंकल्या आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे होत्या. म्हणजे बॉक्सिंगच्या सगळ्या जगातल्या आठांपैकी तीन गाद्या एका माणसाकडे. आज कोणी 'तीन गटांत विजेता' म्हटलं की मी आधी विचारते, कोणते तीन, आणि चारांपैकी कोणता पट्टा?

पण जुन्या काळाची आरती ओवाळणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. ती एकच गादी स्वच्छ नव्हती. चार्ली बर्ली हा वेल्टर आणि मिडलवेटमधला त्या पिढीतल्या उत्तम बॉक्सरांपैकी एक, पण तो काळा होता आणि अवघड होता. त्याला जगज्जेतेपदाची संधी जन्मभर मिळाली नाही. खुद्द रॉबिन्सनला ती मिळायला १९४६ चा डिसेंबर उजाडला. लामोटानं तर १९४७ मध्ये बिली फॉक्सविरुद्ध ठरवून लढत सोडली आणि पुढे १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तसं कबूल केलं. त्याला गादीसाठी लढायला मिळावं म्हणून माफियानं मागितलेली ती किंमत होती. आज पट्टे जास्त झाले आणि त्यांचा बाजार मांडला गेला, हे खरंच. पण बर्लीसारख्याला निदान एखादा दरवाजा तरी उघडा सापडला असता.

हेवीवेटबद्दल बोलताना नव्या पिढीचा एक मुद्दा नेहमी येतो आणि तो बिनतोड मानला जातो. जुने लहान होते. मार्सियानो १८५ पाउंडांच्या आसपास, म्हणजे ८४ किलो. आज तो हेवीवेटमध्ये आलाच नसता, खालच्या क्रूझरवेटमध्ये गेला असता, आणि तो गट त्याच्या वेळी नव्हताच. मार्सियानोपुरतं मी हे मान्य करते. पण पुढे लोक म्हणतात, मुहम्मद अलीही आज लहान पडला असता. अली १९७५ मध्ये मनिलात फ्रेझरशी लढला तेव्हा साधारण १०१ किलोंचा होता, उंची सहा फूट तीन इंच. आता २०२४ चा मे महिना बघा. सहा फूट तीन इंच उंचीचा, त्याच १०१ किलोंचा ओलेक्झांडर उसिक टायसन फ्युरीसमोर उभा राहिला. फ्युरी सहा फूट नऊ इंच, जवळपास ११९ किलो. उसिक जिंकला. डिसेंबरमध्ये फ्युरी आणखी जड होऊन, १२७ किलोंवर आला. उसिक पुन्हा जिंकला. अलीनं फ्युरीला हरवलंच असतं असं यातून निघत नाही. 'लहान पडला असता' हे वाक्य मात्र यापुढे कोणी माझ्यासमोर पुरावा म्हणून आणू नये.

काही वेळा तर काळानं स्वतःच दोन पिढ्यांना एका रिंगमध्ये आणलं. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोनं लुईसला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. लुईस ३७ वर्षांचा होता, पैशांसाठी परतलेला. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सनं अलीला दहा फेऱ्या मारलं आणि अलीच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी लढत सोडली. अली ३८ वर्षांचा होता. जानेवारी १९८८ मध्ये त्याच होम्सला माइक टायसननं चौथ्या फेरीत संपवलं, होम्सही तेव्हा ३८ चा. 'कोण कोणाला हरवेल' हाच प्रश्न असेल तर उत्तरं मिळाली की. मग मार्सियानो लुईसपेक्षा मोठा झाला का? होम्स अलीपेक्षा? बॉक्सिंग कळणारा एकही माणूस या निकालांवरून तसं म्हणत नाही. खरी लढत होऊनही जे सिद्ध झालं नाही, ते मनातल्या लढतीनं कसं होणार?

१९६९ मध्ये हे काम कॉम्प्युटरकडेही देऊन झालं. निवृत्त मार्सियानो आणि बंदीमुळे घरी बसलेला अली यांना रिंगमध्ये उतरवून वेगवेगळ्या शेवटांचं चित्रीकरण केलं गेलं आणि कॉम्प्युटर विजेता ठरवेल असं जाहीर झालं. जानेवारी १९७० मध्ये ते थिएटरांत लागलं. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, मार्सियानो विमान अपघातात गेला होता. अमेरिकेत लोकांनी तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला पाहिला आणि युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. ज्याला जो हवा तो.

आपल्याकडेही अशी लढत झाली. २८ डिसेंबर २०१९, दिल्ली, ५१ किलो, ऑलिम्पिक पात्रतेच्या संघासाठी निवड चाचणी. मेरी कोम ३७ वर्षांची, निखत झरीन २३ ची. ही चाचणी व्हावी म्हणून निखतनं जाहीरपणे मागणी केली होती, आणि ती शंभर टक्के रास्त होती. मेरी ९-१ अशी जिंकली. आमच्या कोळीवाड्याच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, तिला माहीतच नव्हतं. पण या निकालाचा आधार घेऊन मी तिला गप्प करू इच्छित नाही. अडीच वर्षांनी इस्तंबूलला निखत ५२ किलोत विश्वविजेती झाली, २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलोत पुन्हा. डिसेंबरमधला तो निकाल त्या सकाळपुरता होता.

मग मोजायचं काय? माझ्या मते दोन गोष्टी. समोर कोण उभं होतं, आणि ते त्या वेळी कोणत्या भरात होते. आणि हा माणूस त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेनं गेला. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ५७ किलोत ब्राँझ जिंकले. अमन सेहरावत २०२४ मध्ये पॅरिसला ५७ किलोतच ब्राँझ जिंकला. आकडा तोच, पदक तेच. पण 'अमननं खाशाबांना चीत केलं असतं का?' हा प्रश्न कराडच्या तालमीत तरी कोणी विचारत नाही. तांबड्या मातीत घडलेला माणूस वर्गणी गोळा करून परदेशात मॅटवर कसा गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. वाट ठाऊक असली की तो प्रश्न सुचतच नाही. बॉक्सिंगमधल्या जुन्यांची वाट आपल्याला ठाऊक नसते म्हणून तो सुचतो.

या मापानं मी माझे निकाल देते, वाद घालायला मोकळे आहात. वेल्टरवेटमध्ये मी रॉबिन्सनला क्रॉफर्डच्या वर ठेवते. क्रॉफर्डबद्दल मला अतोनात आदर आहे. चार पट्ट्यांच्या काळात तीन गटांमध्ये चारही पट्टे एकत्र करणारा तो पहिला पुरुष, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गट वर चढून त्यानं कानेलो अल्वारेझला हरवलं. पण त्याच्या सतरा वर्षांत ४२ लढती झाल्या, आणि त्याच गटातला तोडीचा जगज्जेता एरॉल स्पेन्स समोर यायला २०२३ उजाडलं. त्यात दोष क्रॉफर्डचा थोडा आणि धंद्याचा जास्त, तरी ती रिकामी वर्षं कोणी भरून देऊ शकत नाही. रॉबिन्सन पंचवीस वर्षांत दोनशेच्या आसपास लढला. त्यातले बरेच जण साधे होते, हे खरं. पण लामोटा सहा वेळा होता. याची किंमतही त्यानं मोजली. शेवटची वर्षं त्याला काही आठवत नव्हतं, आणि १९८९ मध्ये ६७ व्या वर्षी तो गेला. त्याच्याइतक्या लढती माझ्या एकाही मुलानं खेळाव्यात असं मला वाटत नाही.

बँटमवेटमध्ये, म्हणजे साडेत्रेपन्न किलोत, उलट मी आजच्या माणसाला जुन्याच्या शेजारी आनंदानं बसवते. ब्राझीलचा एडर जोफ्रे साठच्या दशकातला या गटाचा राजा. सगळ्या कारकिर्दीत दोनच लढती हरला आणि दोन्ही जपानच्या फायटिंग हाराडाकडून. हाराडाच्याच देशातल्या नाओया इनोउएनं २०२२ च्या अखेरीस या गटातले चारही पट्टे गोळा केले. त्याआधी २०१९ मध्ये सैतामाला नोनितो डोनेअरविरुद्ध डोळ्याभोवतीचं हाड मोडलेलं असताना तो बारा फेऱ्या उभा राहिला आणि जिंकला. त्याच्या वेळी त्या गटात जे कोणी होतं, त्यांच्या दारात तो गेला. जोफ्रेबद्दलही मी हेच म्हणते.

आणि मेरी-निखत. लंडनला २०१२ मध्ये महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा गट तीनच होते, ५१, ६० आणि ७५. मेरीची तोवरची पाच विश्वविजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोतली. तिच्या अंगाचा गटच नव्हता. तिला खाऊन वर जावं लागलं आणि उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून ती ६-११ अशी हरली. ॲडम्सनं सुवर्ण घेतलं. तेव्हा दोन मिनिटांच्या चार फेऱ्या आणि बटण दाबून मोजलेले ठोसे. पॅरिसला निखत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या खेळली आणि दुसऱ्याच लढतीत चीनच्या वू यूशी गाठ पडून हरली. वू यूनंही सुवर्ण घेतलं. दोघी सुवर्णविजेतीकडूनच हरल्या, एक उपांत्य फेरीत, एक सुरुवातीलाच, आणि एकीच्या गळ्यात ब्राँझ आलं. पदक मोजून मेरी मोठी म्हणाल तर निखतवर अन्याय होतो. मी मेरीला वर ठेवते ते जुळ्या मुलांच्या जन्मानंतर २००८ मध्ये परत येऊन ती जिंकली म्हणून, नसलेल्या गटात चढून उभी राहिली म्हणून, आणि २०१८ मध्ये सहावं विश्वविजेतेपद घेताना ती पस्तिशी ओलांडलेली होती म्हणून. निखतची वाट अजून संपलेली नाही.

हे सगळं मी त्या मुलीला एकदम सांगितलं नाही. शनिवारी क्लासमध्ये वजनं घेतली. ती काट्यावर उभी राहिली, ४९.६. तिला निवड चाचणीला ४८ मध्ये उतरायचं होतं. मीनाक्षी हुडानं २०२५ मध्ये लिव्हरपूलला ४८ मध्येच विश्वविजेतेपद जिंकलं, हे तिनं मला ऐकवलं. चार दिवस भात बंद आहे, हेही सांगितलं. मी म्हटलं, ५१ मध्ये नाव दे. ती हॉलच्या पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसले.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, मेरी कोम ५१ ला गेली तेव्हा समोरच्या पोरी केवढ्या होत्या?"

मी मोबाइल काढला आणि लंडनची ती उपांत्य लढत लावली. निकोला ॲडम्स रिंगमध्ये आली, मेरीपेक्षा चांगली उंच. मुलीनं पिशवीतून डबा काढला. आईनं दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकट सकाळपासून तशीच होती. पहिली फेरी संपेपर्यंत तिनं अर्धी भाकरी खाल्ली, मग म्हणाली, "थांबवा. मेरीचा डावा पाय कुठे पडतो ते परत दाखवा."